ओढ्यातलं कुंपण: मजबूत बांधलं की हमखास जातं

2025 च्या मार्चअखेरीस ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पश्चिमेला, एरवी रखरखीत असलेल्या भागात, काही ठिकाणी आठवड्याभरात वर्षाचा पाऊस पडला. जुंडा, विंडोरा, ॲडावेल, थार्गोमिंडा ही आपण कधी न ऐकलेली गावं पाण्याने वेढली गेली. मेलेल्या आणि बेपत्ता गाई-मेंढ्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. त्याच बातम्यांमध्ये एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती: हजारो किलोमीटर कुंपण वाहून गेलं.

पाणी ओसरल्यानंतरचा तिथला एक व्हिडिओ मी मामांना पाठवला. कोरड्या पात्रात आडवी झालेली तारेची जाळी आणि तिच्यावर गोधडीसारखं पसरलेलं गवत. मामांचं उत्तर आलं, "नदीत कुंपण घालणारे आमच्यापेक्षा येडे निघाले."

"आमच्यापेक्षा" असं म्हणायला कारण होतं. मामांचं शेत माणदेशात आहे. बंदिस्त शेळीपालनासाठी त्यांनी दोन एकरांना जाळीचं कंपाउंड केलं आणि मधून जाणारा दहा मीटरचा ओढाही त्यातच घेतला. ओढा वर्षातले अकरा महिने कोरडा असतो, त्यामुळे त्यात सिमेंट भरून लोखंडी अँगल रोवले आणि त्यांना जाळी घट्ट ताणून बांधली. एका रात्रीच्या पावसात ओढ्यातली जाळी तर गेलीच, शिवाय दोन्ही काठांवरचे चौदा अँगलही उपटून गेले. सकाळी मी गेलो तेव्हा जाळीचा गुंडाळा दोनशे पावलं खाली बाभळीला अडकला होता. त्यात वेड्या बाभळीच्या फांद्या, ज्वारीची धाटं, कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद आणि एक चप्पल होती.

पूर येणाऱ्या ओढ्यातून कुंपण न्यायचं कसं, हा प्रश्न ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या पशुपालकांना पिढ्यान् पिढ्या छळतोय. त्यांनी शोधलेली उत्तरं साधी आहेत. मात्र ती आपल्याला चटकन पटत नाहीत, कारण कुंपण म्हटलं की आपल्या डोक्यात 'मजबूत' हा एकच शब्द येतो.

ओढ्यात कुंपण घालायचंच कशाला?

आपल्याकडे जनावरामागे माणूस असतो. गुराखी असतो, मेंढपाळ असतो, नाहीतर जनावर दावणीला असतं. कुंपण आपण घालतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं जनावर किंवा रानडुक्कर पिकात येऊ नये म्हणून. क्वीन्सलँडच्या आतल्या भागात गणित उलटं आहे. एकेका मालकाची जमीन आपल्या एखाद्या तालुक्याएवढी असू शकते, माणसं मोजकी असतात आणि जनावर मोकळं असतं. तिथे कुंपण हाच गुराखी.

एवढ्या जमिनीला वेढा घालायचा तर वाटेत ओढे-नाले येणारच. ते बहुतांश काळ कोरडे असतात आणि कोरडा ओढा म्हणजे जनावरासाठी हमरस्ता. त्यात सावली असते, कुठेतरी डबकं असतं, काठाला हिरवळ असते. दोन्हीकडे कुंपण घालून ओढा तेवढा मोकळा सोडला, तर घराला कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवल्यासारखं होतं.

जाता जाता शब्दाचा एक गोंधळ निस्तरतो. मुंबईकराला क्रीक म्हटलं की ठाण्याची खाडी आठवते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा. तरी तिथला कूपर क्रीक पुरात कित्येक किलोमीटर रुंद पसरतो आणि त्याचं पाणी लेक आयर या खाऱ्या तळ्यापर्यंत पोचलंच, तर काही महिने घेतं. नाव ओढ्याचं, अवतार समुद्राचा.

पाणी कुंपण पाडत नाही, कचरा पाडतो

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. म्हणून थोडा हिशेब करू.

ओढा दहा मीटर रुंद. त्यात अडीच मिलिमीटर जाडीच्या पाच तारा आडव्या ताणल्या आहेत. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने येतंय, म्हणजे माणूस हळू पळेल तेवढ्या वेगाने. पाण्याचा जोर अवलंबून असतो समोर किती क्षेत्र आडवं आलं त्यावर. पाच तारांचं मिळून क्षेत्र होतं एका चौरस मीटरचा आठवा भाग. त्यावर जोर पडतो ढोबळमानाने 25 किलो वजनाइतका, तांदळाच्या एका कट्ट्याएवढा. एवढ्याने तार हलतसुद्धा नाही.

आता पहिली फांदी येते आणि तारेला अडकते. फांदीला धाटं अडकतात, धाटांना गवत आणि गवतावर गाळ बसतो. पूर येताना सगळ्यात पुढे हाच काडीकचरा असतो, कारण पावसाळ्याआधी कोरड्या पात्रात साठलेलं सगळं पहिला लोंढा उचलून आणतो. बघता बघता पाच तारांची एक भिंत होते. सव्वा मीटर उंच आणि दहा मीटर रुंद धरली तर साधारण बारा चौरस मीटर. त्याच पाण्याचा जोर आता अडीच टनांच्या घरात जातो. कट्ट्याचा भरलेला टेम्पो झाला! शंभर पट, आणि पाण्याचा वेग तसूभरही वाढलेला नाही.

वेग वाढला तर आणखी पंचाईत होते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. सेकंदाला दोनाचे तीन मीटर झाले तरी अडीच टनांचे साडेपाच टन होतात.

दुसरी मेख ताणात आहे. अंगणात दोरी बांधून तिच्यावर ओली गोधडी टाकून बघा. दोरी सैल असेल तर ती झोका घेऊन गप्प बसते. तीच दोरी तारेसारखी ताणून बांधली असेल तर गोधडीच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ दोन्ही टोकांच्या खिळ्यांवर येते आणि खिळा निघतो. कुंपणाची तारही अशीच. अडीच टन पाच तारांत वाटले तर प्रत्येकीवर पाचशे किलो. दहा मीटरच्या अंतरात तार अर्धा मीटर झोळ खात असेल, तर तिच्यातला ताण साडेबाराशे किलोवर जातो. अडीच मिलिमीटरची चांगली पोलादी तारसुद्धा सहाशे किलोच्या आसपास तुटते. आणि आपण तर झोळ पडू नये म्हणूनच तार ताणतो, म्हणजे ताण आणखी वाढवतो.

मामांची दोन इंची जाळी ही तर कचरा गाळायची चाळणीच होती. तिने आपलं काम चोख केलं.

"मग दुप्पट मजबूत बांधू की!"

गावात हा उपाय दहापैकी नऊ जण सुचवतात. खोल पाया, जाड पाइप, दुहेरी जाळी. समजा बांधलं आणि समजा टिकलं. मग पाणी जाणार कुठे?

समोर भिंत उभी राहिली की पाणी फुगतं, बाजूला सरकतं आणि काठ खातं. पूर ओसरल्यावर कुंपण जागेवर दिमाखात उभं दिसतं आणि ओढा त्याच्या शेजारून नवी वाट काढून गेलेला असतो, बहुधा तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या बांधावरून. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. त्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळा तोंडावर आला की काढतात आणि पाऊस सरला की पुन्हा घालतात. वेळेत काढले नाहीत आणि पूर आला, तर दगडी खांब राहतात आणि बाजूचा मातीचा भराव जातो.

बंधारा बांधणाऱ्यांना जे कळलं होतं तेच इथे लागू पडतं: पुराच्या वाटेत जे उभं करायचं, ते बाजूला होण्याची सोय आधी करायची. कुंपण पडणारच आहे. ते कुठे पडावं, कसं पडावं आणि पडताना आणखी काय घेऊन जावं, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी ओढा बाकीच्या कुंपणापासून तोडा

मामांचे चौदा अँगल का गेले? ओढ्यातली जाळी आणि काठावरची जाळी एकच सलग होती. ओढ्यात ओढ बसली आणि माळेचा दोरा खेचावा तसं सगळं कुंपण ओढ्यात उतरलं.

म्हणून पहिलं काम असं: दोन्ही काठांवर, पूर सहसा पोचत नाही अशा उंचीला, एकेक भक्कम कोपऱ्याचा खांब रोवायचा आणि त्याला तिरका टेकू द्यायचा. शेताचं कुंपण त्या खांबाशी संपतं. ओढ्यातला तुकडा तिथून वेगळा सुरू होतो, त्याची तार वेगळी, बांधणी वेगळी. तो तुकडा उद्या गोव्यापर्यंत वाहून गेला तरी काठावरच्या कुंपणाला त्याचा पत्ता लागू नये.

हे एवढंच केलं आणि ओढ्यात दरवर्षी स्वस्तातली जुनी तार बांधली, तरी निम्मं नुकसान टळतं. मी तर म्हणेन, ज्याला पुढचं काही करायची उसंत नाही त्याने इथेच थांबावं.

जागा निवडायला वाव असेल तर ओढा सरळ आणि अरुंद असेल, काठ उंच आणि कठीण असतील, तिथेच तो ओलांडायचा आणि काटकोनात ओलांडायचा. वळणावर नको, कारण वळणाचा बाहेरचा काठ ओढा दरवर्षी कुरतडतो. दोन ओढे मिळतात त्याच्या लगेच खालीही नको. मोरीच्या किंवा फरशी पुलाच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. तुमचं कुंपण सुटून पुलाच्या नळ्यांत अडकलं, तर गावाचा रस्ता बंद पडेल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

लोंबतं फाटक

ओढ्यातल्या या वेगळ्या तुकड्याला ऑस्ट्रेलियात फ्लडगेट म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने धरणाचे दरवाजे आठवतात, म्हणून मी पूरफाटक म्हणतो. अमेरिकेत यालाच वॉटर गॅप असं नाव आहे. त्याचे बरेच प्रकार आहेत, पण सगळ्यांत जुना आणि मला सर्वांत आवडलेला प्रकार म्हणजे लोंबतं फाटक.

किराणा दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या जाड पट्ट्या लोंबत असतात ना, तसंच हे. माणूस आत जातो तेव्हा पट्ट्या बाजूला होतात आणि मागून परत जागेवर येतात. ओढ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत, जमेल तितक्या उंचीवर, एक जाड लोखंडी दोर बांधायचा. दोराची दोन्ही टोकं कुंपणाच्या खांबाला बांधायची नाहीत. ती मोठ्या झाडाला, नाहीतर काठापासून मागे जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला किंवा सिमेंटच्या ठोकळ्याला बांधायची. या दोराला खाली फाटकं लोंबतात. त्यासाठी पाइपच्या चौकटी, जुने पत्रे, लाकडी फळ्या, काहीही चालतं. वरून बिजागरीसारखी कडी असते, खालून ती मोकळी असतात. पाणी आलं की फाटक प्रवाहाच्या दिशेने वर उचललं जातं, कचरा खालून निघून जातो आणि पाणी उतरलं की फाटक आपल्या वजनाने परत लोंबू लागतं.

यात तीन बारकावे आहेत. एक, ओढ्याच्या रुंदीचं एकच मोठं फाटक करायचं नाही. हात-दोन हात रुंदीची सुटी फाटकं करायची. म्हणजे एखादा ओंडका आला तर तो एकच फाटक उचलून जातो, सगळ्यांना खेचत नाही. दोन, वरचा दोर पुराच्या पातळीच्या वर हवा. दोरच पाण्यात गेला तर त्याचीही चाळणी होते. तीन, खालची कड ओढ्याच्या तळाप्रमाणे कापायची, मध्ये लांब आणि काठाला आखूड, आणि तळापासून चार बोटं वर ठेवायची. टेकली तर गाळात रुतते आणि मग उचललीच जात नाही.

फ्यूज आणि दार

काही ठिकाणी दोर बांधण्याएवढे काठ उंच नसतात. सपाट मुलखात पाणी अर्धा-एक किलोमीटर पसरतं, तिथे टांगणार काय? तिथे दोन वेगळ्या युक्त्या वापरतात.

एक फ्यूजची. घरात जास्त वीज ओढली गेली की पाच-दहा रुपयांचा फ्यूज जळतो आणि टीव्ही वाचतो. तसंच ओढ्यातल्या तुकड्यात मुद्दाम एक कमजोर कडी ठेवायची, बारीक बांधणी तारेची. ठरावीक ओढ बसली की ती तुटते आणि कुंपण एका बाजूने सुटतं. दुसरी बाजू मात्र पक्की असते. त्यामुळे सुटलेला तुकडा दार उघडावं तसा फिरतो आणि प्रवाहाच्या कडेने काठाला लागून पडून राहतो. पूर गेल्यावर तो उचलायचा, झटकायचा आणि नवी बारीक तार लावायची.

दुसरी युक्ती आडव्या पडणाऱ्या कुंपणाची. खांब तळाशी बिजागरीवर असतात आणि वर एका खिट्टीने उभे धरलेले असतात. पुराचा अंदाज आला की मालक जाऊन खिट्टी काढतो आणि अख्खं कुंपण जमिनीवर झोपवतो. पाणी आणि कचरा वरून जातो. मालक वेळेत पोचला नाही तर जोर वाढल्यावर खिट्टी आपोआप सुटेल, अशीही रचना असते. मला यातली मालकाने स्वतः जाण्याची गोष्ट फारशी भरवशाची वाटत नाही. ढगफुटी रात्री दोनलाच व्हायची.

"असल्या लोंबत्या फाटकातून जनावर जाणार नाही?"

शंका रास्त आहे. पाचशे किलोच्या गाईने मनावर घेतलं तर वीस किलोचं फाटक काय अडवणार? पण जनावर कुंपणाला ताकदीपेक्षा सवयीने जास्त मानतं. जे समोर आडवं दिसतं, हलतं, आवाज करतं, त्याच्या वाटेला ते सहसा जात नाही. रोज पोटभर चारा-पाणी मिळणारं जनावर फाटकाला डोकं लावत नाही. उपाशी जनावर, माजलेला वळू आणि आईपासून तोडलेलं वासरू यांना मात्र कुठलंच फाटक पुरत नाही. त्यांना काठावरचं मजबूत कुंपणही पुरत नाही.

शेळीचं प्रकरण वेगळं आहे, हे मी मामांकडे राहून शिकलो. गाय बघते, शेळी तपासते. दोन फाटकांत वीतभर फट दिसली की करडू आधी पलीकडे, मग त्याच्या मागे आई. म्हणून शेळ्या-मेंढ्यांसाठी फटी कमी ठेवाव्या लागतात, आणि फटी कमी केल्या की कचरा जास्त अडकतो. पश्चिम क्वीन्सलँडचं दुखणंही हेच आहे. तिथे मेंढ्यांना रानकुत्र्यांपासून वाचवायला अलीकडच्या वर्षांत बारीक जाळीची उंच कुंपणं घातली गेली. त्यांचा खालचा भाग, कुत्र्याने उकरून आत येऊ नये म्हणून, जमिनीवर पदरासारखा पसरलेला असतो. कुत्रा थांबतो, पण पुरात तीच जाळी कचऱ्याचं जाळं होते. डिंगो म्हणजे तिथला रानकुत्रा, त्याला अडवणारं ऑस्ट्रेलियाचं प्रसिद्ध डिंगो कुंपण 5,600 किलोमीटरच्या आसपास आहे. ते एका ओढ्यात फुटलं तरी कुत्र्याला आत यायला तेवढी जागा पुरते. बारीक जाळी आणि वाहतं पाणी यांचं जमत नाही, कुठे ना कुठे तडजोड करावीच लागते.

झटका मशीन आणि पाणी

आता बऱ्याच ठिकाणी ओढ्यात फाटकाऐवजी वरच्या झटक्याच्या, म्हणजे विजेचा हलका ठोका देणाऱ्या, तारेला साखळ्या किंवा तारांचे तुकडे नुसते लोंबते सोडतात. कचऱ्याला अडकायला जवळपास काही उरतच नाही. जनावराला एकदा नाकावर झटका बसला की ते त्या साखळ्यांपासून दहा पावलं लांब राहतं.

अडचण एवढीच, की साखळ्या पाण्यात बुडल्या की सगळी वीज पाण्यातून जमिनीत जाते आणि पूर्ण शेताच्या कुंपणातला झटका मरतो. त्यावर एक छोटा डबा मिळतो, फ्लडगेट कंट्रोलर नावाचा. तो मुख्य तार आणि साखळ्या यांच्यामध्ये बसतो. साखळ्यांतून जास्त वीज गळू लागली की तो त्यांना जाणारी वीज आवरून धरतो आणि बाकीच्या कुंपणातला झटका टिकवतो. पाणी उतरलं की पुन्हा पूर्ववत.

"पाण्यात करंट सोडायचा? माणूस मरेल!" मामींनी हे ऐकून चहाचा कपच खाली ठेवला. त्यांची भीती योग्यच आहे, पण ती वेगळ्या गोष्टीची आहे. झटका मशीन सतत वीज सोडत नाही. सेकंदाला साधारण एक, निमिषाहून लहान ठोका देतं. व्होल्ट हजारांत असले तरी एका ठोक्यातली ऊर्जा फार थोडी असते आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिला 5 ज्यूलची मर्यादा आहे. आपल्याकडे माणसं मरतात ती रानडुकरांसाठी घरगुती लाइनची 230 व्होल्टची वीज थेट तारेत सोडल्यामुळे. ते कुंपण नव्हे, तो सापळा आहे, आणि तो गुन्हाही आहे. ओढ्याच्या काठाला तर तसं काही करण्याचा विचारसुद्धा नको.

ओढ्यात कुंपणच न घालणं

अमेरिकेत बऱ्याच पशुपालकांनी वेगळी वाट धरली. ओढा ओलांडायचाच नाही. कुंपण दोन्ही काठांपासून मागे, ओढ्याला समांतर न्यायचं आणि जनावरांना पाणी प्यायला वर हौद बांधायचा. पलीकडे न्यायचंच असेल तर एका जागी खडी टाकून उतार करायचा. तिथल्या कृषी खात्याच्या मृद-जलसंधारण विभागाची कुंपण, ओढ्यातला उतार आणि पाण्याचा हौद या तिन्हींसाठी वेगवेगळी मानकं आहेत. काठ तुडवले जात नाहीत, पाणी गढूळ होत नाही, हा वरचा फायदा. तोटा असा, की काठाची सगळ्यात चांगली चराई हातची जाते आणि पूर पसरला की समांतर कुंपणही पाण्यात येतंच.

गळ्यातल्या पट्ट्यांचं आभासी कुंपण हे यातलं नवं पान. पट्टा उपग्रहावरून जनावर कुठे आहे ते ओळखतो, सीमेजवळ आलं की आधी आवाज करतो आणि तरी पुढे गेलं तर हलका झटका देतो. नॉर्वे आणि न्यूझीलंडच्या कंपन्या हे पट्टे विकतात. ओढ्यात वाहून जायला तारच नाही, ही कल्पना मोहक आहे. पण प्रत्येक जनावरामागे पट्ट्याचा खर्च येतो, त्यामुळे चाळीस शेळ्यांच्या माणसाला तूर्त तरी लोंबतं फाटकच परवडेल.

"ओढा आमच्याच गटातून जातो, कोण विचारतंय?"

कायदा विचारतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रं आणि त्यांतलं पाणी, कुणाची मालकी कायद्याने सिद्ध होत नसेल तर, सरकारचं असतं. चहूबाजूंनी तुमचा गट असला तरी. आणि तुमच्या कुंपणामुळे पाणी तुंबून वरच्या शेतकऱ्याचं रान बुडालं, तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो. शेतरस्त्याच्या भांडणात वापरतात तोच हा कायदा. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारी गोष्ट काढायला लावण्याचा अधिकार तहसीलदाराला त्यात आहे.

मजबूत भिंतीऐवजी उघडणारं फाटक बांधण्याचं हेही एक कारण. कुणी पंचनाम्याला आलं तर दाखवता येतं, की पाणी अडत नाही. पण परवानगी आणि मोजणीचं आधी तलाठ्याला विचारून घेतलेलं बरं.

पूर येतोय म्हटल्यावर

फेब्रुवारी 2019 मध्ये उत्तर-पश्चिम क्वीन्सलँडमध्ये, क्लोनकरी, जुलिया क्रीक, रिचमंड या पट्ट्यात, पुराने सुमारे 5 लाख जनावरं मेली. ती नुसती बुडून नाही. आधीच्या दुष्काळाने ती खंगलेली होती, त्यात कित्येक दिवस गार वारा आणि पाऊस. कित्येक कुंपणाच्या कोपऱ्यात अडकली, कारण पाण्यापुढे पळणारं जनावर कुंपणापाशी थांबतं. म्हणून पुराचा इशारा आला की उंच भागाकडची दारं आधी उघडायची, आणि तेही जमलं नाही तर तार कापायची, असं तिथे शिकवतात. कुंपण परत बांधता येतं.

आपल्याकडे कुंपणाच्या जागी दावं असतं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरात दावणीला बांधलेली जनावरं गोठ्यातच बुडाली. दावं सोडलं असतं तर त्यातली काही पोहून उंचावर गेली असती. पाणी वाढताना जनावर बांधून ठेवायचं नाही, हे ओढ्याकाठच्या प्रत्येक घरात पावसाळ्याआधी एकदा बोलून ठेवायला हवं. त्या वेळी अंधार असतो, घाई असते आणि "आपलं जनावर हरवेल" ही भीती दाव्याची गाठ सोडू देत नाही.

पूर ओसरल्यावर

पूरफाटक बांधलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. प्रत्येक पुरानंतर दोन-तीन दिवसांत तिथे जावंच लागतं, जनावराला फट सापडायच्या आत. अडकलेला कचरा वाळायच्या आधी काढायचा, वाळला की तो दोरखंडासारखा आवळतो. काढलेला कचरा परत पात्रात टाकायचा नाही, नाहीतर पुढच्या पुरात तोच परत येतो. आणि तळ बघायचा. कधी हातभर गाळ भरून फाटक रुतलेलं असतं, कधी तळ हातभर खचून खालून शेळी आरामात जाईल एवढी वाट झालेली असते. त्यासाठी खालच्या कडेला साखळीचे तुकडे लोंबते ठेवतात. तळ खचला तरी फट थोडी भरून निघते.

मामांनी गेल्या उन्हाळ्यात लोंबतं फाटक केलं. जुन्या विहिरीचा लोखंडी दोर, काठावरचं चिंचेचं झाड, पलीकडे पुरलेला बाभळीचा ओंडका आणि गोठ्याच्या उतरवलेल्या पत्र्यांची नऊ फाटकं. काठाचे खांब वेगळे केले. पहिल्या मोठ्या पावसात ओढा छातीभर आला. सकाळी दोर जागेवर होता, काठाचं कुंपण जागेवर होतं, शेळ्या आत होत्या आणि नऊपैकी सात फाटकं लोंबत होती. उरलेल्या दोघांच्या कड्या तुटल्या होत्या. एक सापडलंच नाही. दुसरं खालच्या वस्तीवर सापडलं, तिथल्या आजींनी तोवर त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. मामांनी ते परत मागितलं नाही. घरी येऊन प्रत्येक फाटकाच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि तिथून वरच्या दोरापर्यंत एकेक जादा साखळी ओवली, सैलसर.